बिनफटीचा कोट

आमच्या दाजींच्या चामडी कोटाला पुढून फटच नव्हती. गुंड्या नाहीत, बंद नाहीत, काही नाही. घालायचा झाला की खालच्या घेरातून मुंडकं आत घालायचं, हात वर करून अंधारात बाह्या हुडकायच्या आणि गळ्यातून बाहेर यायचं. बाहेर आले की दाजी आपल्याकडं असे बघायचे, जसे काय आत्ताच जन्माला आलेत. बघणाऱ्यानं हसायचं मात्र नाही. हसला की ऐकवायचे, "हसून घ्या लेको. तुमच्या बापजाद्यांनी चामडं पायात घातलं. म्या अंगात घातलंय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. त्यांचं गाव नेकनूर, आमचं चकलांबा. दिवस निजामाच्या राज्याचे. तरणेपणी दाजी एका जहागीरदाराच्या पागेत घोड्यांवर होते. तिथं एक गोरा साहेब शिकारीला आला, त्याच्या अंगात चामड्याचा कोट होता, आणि आमचा गडी कामातून गेला. पुढं पागा सुटली, शेती धरली, लग्न झालं, पण कोट काही डोक्यातून निघेना. शेवटी बकऱ्याची चांगली कातडी कमावून घेतली आणि बीड गाठलं.

बीडच्या छागली तेव्हा लांबलांबपर्यंत नावाजलेल्या. छागल म्हणजे पाण्याची चामडी पिशवी. गाडीला टांगली की उन्हाळ्यातही पाणी गारेगार. दाजींनी जो कारागीर गाठला त्यानं जन्मभर छागलीच शिवलेल्या. कोट त्यानं आयुष्यात बघितला नव्हता. दाजींनी हात पसरून, छाती फुगवून मापं दिली आणि आठवड्यानं आणायला गेले, तर पुढून बंद.

"अरे बे, ह्याला फट कावून ठेवली न्हाईस?"

"फट ठिवली तर गळंल की मालक."

"कोट हाय त्यो. त्यात काय पाणी भरायचंय का?"

कारागिरानं कोटाकडं बघितलं, दाजींकडं बघितलं, आणि म्हणाला, "ते तुमी ठरवा. माज्या हातचं चामडं गळत न्हाई."

दाजी तणतणत निघाले खरे, पण वाटेत त्यांना तो कोट आवडायला लागला. नेकनूरला पोचेस्तोवर फट नसणं हेच त्या कोटाचं मोठेपण झालं होतं. दारात पाय ठेवताच सांगायला लागले, "वारा शिरायला जागा न्हाई बगा. साहेबाच्या कोटाला व्हती, म्हणून साहेब शिंकत व्हता."

आक्कानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "बया बया, बीडाहून सवतच आणली की." तेव्हापासून आक्का त्या कोटाला 'ती' म्हणायची. घरात गडीमाणसंसुद्धा 'ती' म्हणायला लागली.

आणि त्या सवतीचे लाड काय सांगू तुम्हाला. दाजींचं म्हणणं असं, की चामडं मेलेलं नसतं, निजलेलं असतं. जित्या जनावराला जे सोसत नाही ते चामड्यालाही सोसत नाही. म्हणून कोटाला पेटीत ठेवायचं नाही, श्वास कोंडतो. घडी घालायची नाही, घडी पडली की तिथंच पुढं चीर जाते. खुंटीला टांगायचा नाही, मान लांबते. मग ठेवायचा कुठं? तर दाजींनी मोडकं जू कापून घेतलं, तासून गुळगुळीत केलं आणि ओसरीवर आडवं बांधलं. त्या जूवर कोट खांदे पसरून बसायचा. "खांदा हाय तर जू पाहिजेच," म्हणायचे. आत स्वयंपाकघराकडं आक्का त्याला येऊ देत नसे, नाहीतर त्यांनी तो देवघरात बसवला असता.

साबण दाखवायचा नाही. धूळ बसली तर ओलं फडकं घट्ट पिळून, नुसतं पुसल्यासारखं फिरवायचं. करडईचं तेल लावायचं नाही, चिकट होतं आणि धूळ धरतं. करंजाचं लावायचं, तेही चार बोटांच्या शेंड्यावर मावेल तेवढंच. त्या कडू वासानं कसर लागत नाही. तेल लावून झालं की अंगठ्यानं दाबून बघायचे. दाबलेली जागा हळूहळू वर आली की खूश. मग आपला गाल लावून बघायचे. एकदा आक्का चुलीपुढून ओरडून म्हणाली, "गाल लावून झाला आसंल तर भाकर खायला या."

पण सगळ्यात मोठा नेम उन्हाचा. कोटाला ऊन म्हणून दाखवायचं नाही. भिजलं तरी सावलीत वाळवायचं, चुलीपाशी नाही, उन्हात तर मुळीच नाही. "पाणी चामड्याला मारत न्हाई," दाजी बोट वर करून सांगायचे, "भिजल्यावर आपुन जी घाई करतो ना, ती मारती." ओसरीवर ऊन जसं सरकायचं तसं दाजी जू सरकवायचे. दुपारी जेवता जेवता उठायचे. आणि तेव्हाच आक्का खळ्यात डोक्यावर पदर घेऊन तुरी झोडत असायची. शेजारच्या बाया तिला टोमणे मारायच्या. ती हसून म्हणायची, "नाजूक हाय ती. म्या काय, काळीच हाय." हसायची, पण मला तिच्या पाठचा भाऊ म्हणून ते हसणं ओळखू यायचं. मला दाजींचा राग यायचा. लई यायचा. पण हा माणूस समोर आला की राग टिकतच नसे, काय करणार.

आता ती गिरदावराची गंमत ऐका. मी नेकनूरला गेलो होतो, तेव्हा पिकांच्या पाहणीला एक गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, आला, नवाच होता. त्यानं ओसरीवर कोट बघितला आणि म्हणाला, घालून बघू. दाजींचा जीव वरखाली. पण सरकारी माणूस, नाही कसं म्हणणार. गिरदावर अंगानं भरलेला. घेरातून आत शिरला, हात वर केले, आणि तिथंच अडकला. ना खाली ना वर. आतून आवाज यायला लागला. सगळं गाव जमलं. मी सोडवायला धावलो, तर दाजी मलाच आडवे झाले आणि कोटाच्या पोटाला तोंड लावून समजावायला लागले, "साहेब, घाबरू नका. इत्मिनान ठिवा. फकस्त हात खाली करू नका, शिवण ताणंल." आतून शिवी आली. दाजी म्हणाले, "शिवी द्या, पर फुगू नका." शेवटी चौघांनी ओढून काढला तेव्हा गिरदावर लालबुंद, आणि दाजी त्याच्याकडं न बघता काखेतली शिवण तपासत होते. शिवण जागची हलली नव्हती. गिरदावर निघून गेल्यावर रात्रभर आमच्या पोटात हसून गोळे उठले.

आणि खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळतो, त्यांना आवतण देतो. दाजी बैलांचं उरकलं की तोच हात कोटाच्या खांद्यांवर फिरवायचे. "ह्यो बी जनावरच हाय. वरीसभर जू वाहतो." मग बैलांना म्हणतात तेच त्याला म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." लोण्याच्या वासानं गावातली सगळी कुत्री ओसरीखाली येऊन बसायची. पोळ्याच्या दिवशी दाजी कोट घालून मिरवणुकीत निघाले की पुढं बैल, मधे दाजी, मागं कुत्री. असा पोळा निजामाच्या साऱ्या राज्यात कुठं होत नसेल.

मग आमच्या धाकट्या भावाचं लगीन निघालं. मुलगी नांदूरघाटची. वैशाखाचे दिवस. वऱ्हाड चकलांब्याहून निघून नेकनूरला आक्काकडं मुक्कामाला आलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढं जायचं ठरलं. उन्हाच्या आत पोचायचं, म्हणजे गोरज मुहूर्ताआधी सगळ्यांना टेकता येईल. पहाटे गाड्या जुंपल्या. एकेक करून निघाल्या. शेवटची गाडी दाजींची. त्यात दाजी, आक्का आणि हाकायला मी. आणि ती.

होय, कोट बरोबर. मागं घरी ठेवला तर उंदीर लागतील म्हणे. बरं घ्यायचा तर घ्या, पण तो जूवर पसरून बसणार, त्याला घडी चालणार नाही. दाजींनी गाडीच्या कामट्यांना जू बांधायला घेतलं. हे इकडं कलतंय, ते तिकडं घासतंय. बांध, सोड, बांध. पुढच्या गाड्यांचे घुंगरू ऐकू येईनासे झाले, दिवस वर आला, तरी यांचं चाललेलंच. मी तोंडाला येईल ते बोललो. आक्का मात्र शांत. म्हणाली, "बसू दे तिला नीट. करवली हाय ती."

निघालो एकदाचे. गाडीवर आडवं घोंगडं टाकलेलं, त्याची सावली ती केवढी. सकाळी आक्का आणि कोट दोघांना पुरली. ऊन चढलं तशी सावली आखडून गाडीच्या मागल्या अंगाला गेली, आणि तिथं कोट बसलेला. आक्का टेकली असती तर कोट दुमडला असता. ती पुढं उन्हात बसली, पदर ओढून. मी म्हणालो, "आक्का, मागं सरक." ती म्हणाली, "न्हाई रे, बरी हाय म्या." दाजी गाडीबरोबर पायी चालत होते आणि कोटावर कवडसा पडतो का ते बघत होते.

भर दुपारी माळावर एका ओघळीत गाडी दणकन उतरली. कडाक्याच्या उन्हानं चाकाची लाकडं आकसलेली. लोखंडी धाव ढिली होऊन निसटली आणि चाक खिळखिळं झालं. त्या दणक्यात पाण्याचं मडकं फुटलं. छागल पुढच्या गाडीला टांगलेली. आसपास झाड नाही, माणूस नाही. मी चाकाला शिव्या घालत होतो तेवढ्यात दाजींचा आवाज आला, "अगं, आसं काय बोलतीस?"

आक्का काही भलतंच बोलत होती. खळ्यात गुरं शिरली, हाकला म्हणत होती. मी हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा एक थेंब नाही. डोळे वर जात होते. आमच्या गावात असं ऊन लागून गेलेलं माणूस मी बघितलं होतं.  मी दाजींना एवढंच म्हणालो, "दाजी, पाणी नाही मिळालं तर आक्का जातीय."

दाजींनी एकदा आक्काकडं बघितलं. ती उन्हात होती. एकदा कोटाकडं बघितलं. तो सावलीत होता. त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे आलं ते मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही, आणि बघायचंही नाही. त्यांनी हिसका मारून कोट जूवरून ओढला. जू मोडून पडलं. आक्काला उचलून मागं सावलीत निजवलं आणि मला म्हणाले, "वारा घाल. म्या आलोच." आणि कोट काखेत मारून पळत सुटले.

माळाच्या खालच्या अंगाला एक पायऱ्यांची बारव होती, लांब, पार नाल्यापलीकडं. मला कळेना हा माणूस कोट घेऊन कशाला गेला. पटका भिजवून आणला असता तर वाटेत निम्मा वाळला असता, आणि प्यायला काय पिळून देणार? मी आक्काच्याच पदरानं वारा घालत होतो आणि मोठमोठ्यानं आक्काशी बोलत होतो, काय बोलत होतो देवाला ठाऊक. धाकट्याच्या बायकोचं, पोळ्याच्या कुत्र्यांचं, काहीही. ती हुं म्हणायची तोवर जीव होता माझ्यात.

आणि मग माळावर दाजी दिसले. वाकलेले, पाठीवर काहीतरी टम्म फुगलेलं. पळता येत नव्हतं तरी पळत होते. जवळ आले तेव्हा बघितलं, गळा आणि दोन्ही बाह्या पटक्याच्या चिंध्यांनी आवळून बांधलेल्या, कोट उलटा धरलेला, आणि घेरापर्यंत पाणी. काठोकाठ, राव. शिवणीतून एक थेंब गळत नव्हता. बीडचा तो कारागीर खरं बोलला होता.

दाजींनी ओंजळीनं आक्काच्या ओठांना पाणी लावलं. ते पाणी करंजाच्या तेलानं कडूजहर झालेलं. पहिला घोट पोटात गेला तशी आक्का तोंड वेडंवाकडं करून थुंकली आणि डोळे न उघडता म्हणाली, "सवतीनं इख दिलं की." मी रडायला लागलो. दाजीही रडत होते, पण हात थांबत नव्हते. डोक्यावर पाणी, तळव्यांवर पाणी, लुगडं ओलं चिंब. मग पुन्हा बारवेवर गेले, पुन्हा कोट भरून आणला. घोट घोट करत आक्काला घाम फुटला. घामाला कुणी इतकं नवसानं बघितलं नसेल, जितकं आम्ही दोघांनी तेव्हा बघितलं.

उन्हं कलल्यावर दाजींनी आणखी एक खेप आणली आणि ते पाणी चाकावर ओतलं. लाकूड पिऊन फुगलं, मी दगडानं ठोकून धाव बसवली, आणि हळूहळू नांदूरघाटची वाट धरली. पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपत आली होती. आक्कानं अक्षता टाकल्या, बसून का होईना, पण टाकल्या. धाकट्या भावाचं लगीन तिनं डोळ्यांनी बघितलं.

कोटाचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. तो गाडीच्या दांडीवर तसाच ओला टाकलेला, वैशाखाच्या झळा खात आला. नेकनूरला परत येईस्तोवर त्याचं लाकूड झालं होतं. एक बाही वर, एक वाकडी. दाजींनी तो गोठ्यात नेला आणि खुंटीला टांगला. खुंटीला. त्या दिवसापासून त्यांनी चामड्याचा विषय सोडला. कुणी ओसरीवर मुद्दाम विचारलं तरी पिकापाण्याचं बोलायचे. जेवायला बसले की आक्काच्या अंगावर ऊन येतंय का बघायचे, आणि येत असलं की उठून मधे उभे राहायचे. आक्का वैतागायची, "आवो, बसा की. काय भिताड झालाव का?"

खांदमळणीला मी मुद्दाम नेकनूरला गेलो. म्हटलं, या घरात यंदा काय होतंय बघू. दाजी गोठ्यात मान खाली घालून बैलांचे खांदे मळत होते. एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं. हात पुसायला वळले, तर दारात आक्का उभी. तिच्या हातात नवं तासलेलं जू, आणि जूवर कोट.

मी बघतच राहिलो. बाह्या सरळ झाल्या होत्या. खांदे गोल. आक्कानं पावसाळाभर, यांची पाठ फिरली की, परसात बसून ते केलं होतं. आधी दमट फडकं गुंडाळून मऊ पाडला. मग ज्वारीचं भुसकट भरून आकाराला आणला. बुरशी आली ती कोरड्यानं पुसली. करंजाचं तेल, चार बोटांच्या शेंड्यावर मावेल तेवढंच, रोज. सगळं तिनं ऐकलेलं होतं. इतकी वर्षं दुसरं ऐकलं काय होतं तिनं. गळ्याशी एक चीर राहिली होती, ती काही गेली नाही.

दाजींनी त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग कसेबसे म्हणाले, "कावून केलंस हे? तुला उन्हात बसिवलं त्याच्यापायी."

"तिनं न्हाई बसिवलं. तुमी बसिवलं," आक्का म्हणाली. "तिनं पाणी पाजलं." आणि दाजींच्या हातातली लोण्याची वाटी घेऊन तिनं कोटाचे दोन्ही खांदे नीट, दाबून, मळले. हळद लावली. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "बाई, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दाजी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. बाहेर कुत्री जमायला लागली होती.

त्यानंतर कित्येक वर्षं मी ती गाडी हाकली. कोट बरोबर असायचाच, जूवर पसरलेला. फक्त आता दाजी तो उन्हाच्या अंगाला बांधायचे, आणि ऊन फिरलं की खाली उतरून त्या बाजूला न्यायचे. त्याच्या सावलीत आक्का पाय पसरून बसायची, बऱ्याचदा झोपायची. उन्हानं कोटाचा तपकिरी रंग पार उडाला, पाठ भेगाळली. मी एकदा म्हणालो, "दाजी, अहो कोट चालला की."

दाजी आक्काकडं बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "चालू दे. तिला उठवू नगंस."